मुका पदर

एका राज्यात, जिथं लोक राजापेक्षा विणकराला अधिक वचकून असत, दोन राजकन्या होत्या, आणि दोघींत मिळून लग्नाचा शालू मात्र एकच होता. राजाच्या घरी शालू एकच का, असं कोणी विचारील. विचारावं. त्याचीच ही कहाणी आहे.

थोरलीचं नाव हेमकळा, धाकटीचं बकुळा. दोघींत सात वर्षांचं अंतर. त्यांची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं डोंगरापलीकडच्या तंतुनाथाला बोलावणं धाडलं. तंतुनाथ मायावी विणकर होता. पावसाच्या धारा तो मागावर चढवी, सकाळच्या धुक्याचं उपरणं विणी, आणि स्वतः जाडाभरडा पंचा नेसून बसे.

राणी म्हणाली, "माझ्या मुलींसाठी एक शालू विणा."

"मुली दोन, शालू एक?"

"एकच. दोन विणलेत तर दोन पेट्या होतील, दोन किल्ल्या होतील."

तंतुनाथानं डाळिंबी रंगाचा अठरा हात शालू विणला आणि त्याला दोन्ही टोकांना पदर काढला. दोन्ही पदरांवर एकेक मैना, काळ्या रेशमाची, पिवळ्या चोचीची. राणीनं मुलींना जवळ बसवून रीत सांगितली. "जी नेसेल तिचा पदर खांद्यावरून बाहेर येईल. तो मिरवता पदर. दुसरीचा पदर आत, कमरेपाशी, पोटाला लागून राहील. तो मुका पदर. बकुळेची पाळी आली की शालू उलटा करायचा. मग तिचा पदर बाहेर, हेमकळेचा आत. बहिणीला पोटाशी धरल्याशिवाय कोणी बोहल्यावर चढायचं नाही." एवढं सांगून राणीनं डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत.

हेमकळा वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आईमागे बकुळेची वेणीफणी तिनंच केली, ताप आला की उशाशी तीच बसली. बकुळेला एकच खोड होती. दर आठ-पंधरा दिवसांनी ती पेटीचं झाकण उघडून शालूवरून हात फिरवी आणि विचारी, "आक्का, मला कधी नेसवशील?" हेमकळा म्हणे, "तुझी वेळ आली की. माझ्या हातानं नेसवीन." हे तिनं किती वेळा म्हटलं असेल याची मोजदाद नाही. दर वेळी ते खरंच होतं.

हेमकळेला अठरावं लागलं आणि शेजारच्या राज्याचा राजपुत्र यशोधर याच्याशी तिचं लग्न ठरलं. अंगणात मुहूर्तमेढ पुरली, मांडव चढला. दुपारची सामसूम बघून हेमकळेनं शालू नेसून पाहिला. आरशापुढं उभी राहिली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मुका पदर भरजरी, दुहेरी विणीचा. तो आत खोचला की कमरेशी फुगवटा यायचाच. दासी बोलून गेली, "बाईसाहेब, कमरेत जरा जाड होतंय." दासीचं काय जातं बोलायला?

ते एक वाक्य हेमकळेच्या मनात घर करून बसलं. मग त्याला सोबत म्हणून दुसरा विचार आला. या शालूत माझं असं आहे काय? मैना दोन, पदर दोन, सगळं दोघींचं. लग्न तर माझ्या एकटीचं आहे. तिनं राजवाड्याच्या शिंप्याला बोलावलं. शिंप्यानं शालू पाहिला, कपाळाला लावला आणि घडी करून परत दिला. "लग्नाचं वस्त्र अखंड असावं. त्याला कात्री लावणारा हात माझा नव्हे."

"मग माझा आहे," हेमकळा म्हणाली.

दार लावून तिनं स्वतःच शालू अंथरला. खडूनं रेघ मारली. मुक्या पदरासकट चार हात कापड तिनं कात्रीनं सरळ वेगळं केलं, कापलेली कड दुमडली, बारीक टाक्यांनी तुरपली. मग कलाबतूच्या सोनेरी धाग्याची रिळं घेतली आणि दोन दिवस बसून मिरवत्या पदराच्या काठानं आपलं नाव भरलं. हेमकळा, हेमकळा, एकवीस वेळा. काम ओबडधोबड झालं असतं तर एक वेळ बरं होतं. तिला आपलीच लाज वाटली असती. पण काम देखणं झालं. शालू चापूनचोपून बसला, कमर वेतासारखी दिसली, आणि हेमकळेला वाटलं, आज हा खरा माझा झाला.

त्याच वेळी दार ढकलून बकुळा आत आली. ती आधी शालूकडे बघून हसली आणि मग खाली पडलेल्या तुकड्याकडे बघत राहिली.

"आक्का, हा माझा पदर ना?"

"मुकाच तर होता, बकुळे. तो कोणाला दिसतो? तुझ्या वेळी तुला नवा शालू घेऊ. हा घे, बाहुल्यांना होईल."

बकुळेनं तुकडा उचलला. त्यात तोंड लपवलं. पुढं काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. तुकडा रिकामा होऊन खाली पडला आणि त्यातून एक मैना उडाली, काळ्या अंगाची, पिवळ्या चोचीची. ती गवाक्षाच्या कठड्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "आक्का, मला कधी नेसवशील?"

हेमकळा दोन पावलं मागं सरली. त्याच घटकेला तिनं आरडाओरडा केला असता, बापाचे पाय धरले असते, तर कहाणी इथंच आटोपली असती. पण भ्यालेलं माणूस आधी पुरावा लपवतं. तिनं तुकड्याची गुंडाळी केली आणि खालून वाहणाऱ्या नदीत टाकून दिली. बकुळेला शोधायला माणसं धावली तेव्हा तीही त्यांच्याबरोबर हाका मारत हिंडली. ज्याला हाक मारायची तो पक्षी तिच्या डोक्यावरून उडत होता.

त्याच दिवसापासून राज्यात गाठ बसेनाशी झाली. विहिरीवर पोहऱ्याची दोरी सुटली. दाव्याला बांधलेल्या गाई दावं टाकून निघाल्या. पाळणे जमिनीवर उतरवावे लागले. लोकांनी आधी दोरखंड वळणाऱ्यांना धारेवर धरलं. बकुळेच्या शोधात महिना गेला, राजानं जड मनानं ठरलेलं लग्न उरकायचं म्हटलं, आणि यशोधराचं वऱ्हाड आलं. अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या. पुरोहितानं यशोधराच्या शेल्याला हेमकळेच्या पदराची गाठ मारली. ती सुटली. दुसऱ्यांदा मारली, तीही सुटली. तिसऱ्यांदा मांडवाचे तेवढे तगून राहिलेले दोरही सुटले आणि छत वऱ्हाडाच्या डोक्यावर आलं.

यशोधर भला माणूस होता. शेला झटकून तो म्हणाला, "राजकन्ये, तुमच्यावर माझा राग नाही. पण जिथं गाठ बसत नाही तिथं मी कसा बसू?" तो परत गेला. वर्षानं त्याचं दुसरीकडे लग्न झाल्याची वार्ता आली. कोसळलेल्या मांडवात मुहूर्तमेढ तेवढी उभी राहिली, कारण ती पुरलेली होती, बांधलेली नव्हती.

आता राजा शूरध्वजाविषयी. तो मोठा न्यायी होता, म्हणजे दंड करण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. त्यानं तंतुनाथाकडे दूत धाडला. दूत एकच वाक्य घेऊन आला. "शालूला दंड पडेल तेव्हा गाठ पडेल."

राजाला आनंदच झाला. हे काम त्याच्या आवडीचं होतं. त्यानं भर दरबारात शालूला शंभर फटके मारवले. गाठ पडली नाही. मग शालूला अंधारकोठडीत टाकलं, दाराशी चार पहारेकरी ठेवले. गाठ पडली नाही. मग त्याला गाढवावर घालून वाजतगाजत हद्दपार केलं, आणि सीमेपलीकडच्यांनी तो चांगला म्हणून ठेवून घेऊ नये या काळजीनं परत आणलं. शालूनं तिन्ही दंड मुकाट्यानं सोसले. हेमकळा बापाच्या बाजूला उभी राहून सगळं बघत होती, आणि तीही मुकाट्यानंच.

अशी तीन वर्षं गेली. मैना राजवाडा सोडून गेली नाही. रोज सकाळी ती राजाच्या न्याहारीला येई. राजा तिला तळहातावर डाळिंबाचे दाणे भरवी. ती दाणे खाई, मान वाकडी करी आणि आपलं एकच वाक्य बोले. राजाला वाटे, कोणाच्या तरी घरची पढवलेली मैना असेल. एका सकाळी तो सहज म्हणाला, "आपली बकुळा असती तर तिला ही फार आवडली असती."

हेमकळेनं हातातली वाटी खाली ठेवली. तीन वर्षं तिनं धीर धरला होता, पण तो खोटं वागण्याचा धीर होता, आणि त्या वाक्यानं तो संपला. ती उठली, शालू काखोटीला मारला आणि पायी तंतुनाथाच्या डोंगराकडे निघाली. मैना तिच्या पुढंपुढं उडत होती. प्रत्येक मुक्कामाला तोच प्रश्न विचारत होती.

तंतुनाथ मागावर बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"कात्री कोणाची?"

"माझी."

"हात कोणाचा?"

"माझा."

"आणि तीन वर्षं बंद होतं ते तोंड कोणाचं?"

"तेही माझंच."

"मग तीन कामं कर. जे घातलंस ते काढ. जे टाकलंस ते माग. मग दंड घाल."

"दंड कोणाला घालू, महाराज?"

"शालूला."

"त्याला तीन दंड झाले."

"एकही झाला नाही," तंतुनाथ म्हणाला, आणि माग पुन्हा खटाखट चालू झाला.

पहिलं काम तिनं त्याच्याच ओसरीवर केलं. सुईच्या टोकानं आपलं नाव उसवायला घेतलं. भरताना एकवीस नावांना दोन दिवस लागले होते, उसवायला नऊ लागले. कलाबतूचा धागा तुटू न देता तिनं रिळाला गुंडाळला. शेवटचं नाव निघालं तेव्हा तिनं काठ उन्हात धरला. धागा निघाला होता, पण टाक्यांची भोकं तशीच होती, आणि त्यांतून ऊन येऊन तिचं नाव ओसरीवर पडलं होतं. उसवलं म्हणजे शिवलंच नव्हतं असं होत नाही, हे तिला तिथं समजलं.

दुसरं काम घेऊन ती नदीकाठानं खाली चालू लागली. पहिल्या घाटावर विचारलं, कोणाला काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या घाटावर लोक हसले. तिसऱ्या घाटावर कोंडाबाई नावाची म्हातारी परटीण धुणं आपटत होती, आणि तिच्या मागं झुडपावर डाळिंबी तुकडा वाळत होता. मैना जाऊन त्याच्यावर बसली.

"हा तुकडा माझा आहे, आजी," हेमकळा म्हणाली.

"तुझा? ह्याच्यावर तर मैना हाय. तुझं नाव कुठं दिसंना."

"माझ्या बहिणीचा आहे. मी कापला आणि नदीत टाकला."

"का गं?"

"कमरेत जाड होत होता."

म्हातारीनं धुणं खाली ठेवलं. "येवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी," हेमकळा म्हणाली. ते शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडले होते, आणि ऐकायला ते किती लहान होते! तीन वर्षं तिनं या गोष्टीला मोठमोठी कारणं दिली होती. त्यांतलं एकही आता आठवेना.

"न्हेतीस तर न्हे," कोंडाबाई म्हणाली. "माझं लुगडं मधी विरलंय, त्याला दंड घालावा म्हणून ठिवला हुता. पर गाठच बसंना, मग घालू कशी? तीन वर्सं तसाच पडून हाय."

हेमकळेनं चमकून विचारलं, "लुगड्याला दंड? लुगड्यानं काय गुन्हा केला?"

म्हातारी पोट धरून हसली. "अगं बाई, लुगडं विरलं की विरलेलं काढायचं आन् दोन तुकडं मधी शिवून एक करायचं. त्याला दंड घालणं म्हंत्यात. तुमच्या वाड्यात कुणी दंडाचं लुगडं न्हेसत न्हाई का?"

वाड्यात कोणीच नेसत नव्हतं. तिथं लुगडं विरायच्या आत दासीला जाई. म्हणून राजाला आणि त्याच्या साऱ्या शहाण्या दरबाराला दंड म्हणजे फटके, दंड म्हणजे कोठडी, एवढंच ठाऊक. तीन वर्षं सबंध राज्याच्या दोऱ्या सुटत राहिल्या, आणि उपाय नदीकाठच्या कोणत्याही बाईनं सांगितला असता. हेमकळेला हसू आलं नाही. तिनं आपल्या अंगावरचा शेला उतरवून म्हातारीला दिला, तुकडा छातीशी धरला आणि ती परत फिरली.

तिसरं काम चारचौघांत करायचं असं तिनं स्वतःच ठरवलं. मुहूर्तमेढीपाशी तिनं शालू पसरला. राजा आला, दरबार आला, गाव लोटलं. शिंपीही एका कडेला येऊन उभा राहिला. मैना मेढीच्या टोकावर बसली. हेमकळेनं आपल्याच नावाचा उसवलेला धागा सुईत ओवला, शालूची कापलेली कड आणि मुका पदर एकमेकांना जुळवले आणि शिवायला घेतलं. शेवटाशी येऊन गाठ मारली. गाठ सुटली, सगळे टाके सरसर निघून आले. तिनं पुन्हा शिवलं. पुन्हा तेच झालं.

तेव्हा ती सुई हातात धरून उठली आणि बापापुढं उभी राहिली. "महाराज, हा शालू मी कापला. बकुळेचा पदर मी कापला. तिच्यादेखत तिला म्हटलं, बाहुल्यांना घे. ती कुठं गेली हे मला पहिल्या घटकेपासून ठाऊक होतं. तुम्ही रोज तिला डाळिंबाचे दाणे भरवत होता, आणि मी शेजारी बसून जेवत होते."

राजानं मेढीकडे वर पाहिलं. मग स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं.

हेमकळा खाली बसली आणि तिनं तिसऱ्यांदा शिवलं. नजर पुन्हा पुन्हा मेढीवरच्या मैनेकडे जात होती, टाके वाकडेतिकडे पडत होते. हे काम पहिल्यासारखं देखणं झालं नाही. शेवटाशी येऊन तिनं गाठ मारली, आणि गाठ बसली.

त्याच वेळी विहिरीवर पोहरे थांबले. गाई जिथल्या तिथं उभ्या राहिल्या. मैना मेढीवरून उतरली आणि शालूवर बकुळा उभी राहिली, चौदा वर्षांची, उंच झालेली. राजानं तिला उराशी धरलं. शिंपी डोळे पुसत म्हणाला, "राजकन्ये, दंड घातलेलं वस्त्र वधूला चालत नाही. हा आता लग्नाचा शालू राहिला नाही." हेमकळा म्हणाली, "ठाऊक आहे." आणि राजा शूरध्वजानं आयुष्यात प्रथमच समोर गुन्हेगार असून कोणाला दंड केला नाही.

राज्याची घडी पुन्हा बसली. पाळणे वर चढले, मांडव उभे राहिले, लग्नं लागली. एक मात्र बसलं नाही. बकुळा बोले, हसे, बहिणीच्या हातून वेणी घालून घेई, पण तिनं पुन्हा कधी काही विचारलं नाही. एकच प्रश्न तीन वर्षं विचारून तिचा विचारण्यावरचा जीवच उडाला होता. शालूची पेटी समोर असे, ती झाकण उघडीत नसे. जो प्रश्न ऐकून हेमकळा कधीकाळी वैतागे, तो ऐकायला मिळावा म्हणून ती दुपार दुपार पेटीपाशी काहीबाही काम काढून बसे. हेमकळेला मागण्या आल्या. तिनं त्या परतवल्या.

पाच वर्षांनी बकुळेचं लग्न ठरलं. राजानं नवे शालू मागवले, पलंगभर पसरले. बकुळेनं त्यांवरून नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या पेटीपाशी जाऊन उभी राहिली. पुरोहित म्हणाला, दंडाचं वस्त्र अशुभ. बकुळा म्हणाली, "मी तेच नेसेन." ती हेमकळेकडे वळली आणि तिनं दोन्ही हात बाजूला करून धरले. विचारलं काही नाही.

हेमकळेनं शालू उलटा केला. आपला पदर, आपल्या नावाची भोकं असलेला, तिनं आधी हातात घेतला आणि तो आत खोचायला तिचा हात धजेना. तिच्या मनात आलं, हा आत कशाला, गुंडाळून बाजूला घ्यावा. बकुळेनं तिचा हात धरला आणि तो पदर स्वतःच आपल्या पोटाशी खोचला. मग हेमकळेनं निऱ्या घातल्या, काष्टा घातला, बकुळेचा पदर खांद्यावर घेतला. वाकडा दंड ऐन मांडीवरून गेला होता, दहा पावलांवरूनही दिसावा असा.

बकुळेनं आरशात पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. कमरेवर हात ठेवला.

"कमरेत जाड होतंय, आक्का," ती म्हणाली. "असू दे."

अठरा हातांची ही कहाणी, दंडासकट, इथं घडी घालून ठेवली.